ध्येयाची पगारस्लिप

पुण्यात सुका कचरा निवडून पुनर्वापराला पाठवणाऱ्या एका वाढत्या स्टार्टअपचं एचआर मी सांभाळते. वरच्या मजल्यावर लॅपटॉपवाले, खाली शेडमध्ये बेल्टवर कचरा निवडणाऱ्या बायका, मध्ये लोखंडी जिना. माझी निम्मी नोकरी त्या जिन्यावरच होते. तिथे जे कळलं ते असं :

१. ‘आपल्याकडे लोक पैशासाठी येत नाहीत’ असं कुणी म्हणालं की कान टवकारावेत.

हे वाक्य बहुधा पगारवाढीच्या महिन्यातच ऐकू येतं. कमी पगारात ध्येयासाठी राबणं परवडतं कुणाला? ज्यांच्या आईवडिलांचा कोथरूडला फ्लॅट आहे, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नाही आणि गावी पैसे पाठवायचे नाहीत, त्यांना. पगार कमी ठेवला की ध्येयवेडी माणसं मिळतात, असं संस्थापकांना वाटतं. प्रत्यक्षात खात्यापित्या घरची मिळतात. मग कचरावेचकांच्या पोटापाण्याचे निर्णय घेणाऱ्यांत महिनाअखेरची ओढाताण माहीत असलेलं कुणीच उरत नाही. बाजारभावाने पगार देणं जमत नसेल तर आकड्यानिशी तसं सांगावं आणि पुढची गुंतवणूक आल्यावर किती वाढवणार, ते लेखी द्यावं. ईसॉपवर, म्हणजे कंपनीच्या शेअरवर, घरमालक भाडं घेत नाही.

२. आधारकार्डावरची जन्मतारीख नीट वाचावी.

२० माणसं झाली की पीएफ लागू होतो. ‘शेडच्या बायका ठेकेदारामार्फत घेऊ या’ ही सूचना तेव्हा हमखास येते, तीही भल्या माणसांकडून. पीएफच्या कायद्यात ठेकेदाराची माणसंही मोजली जातात, एवढं सांगितलं की ती मागे पडते.

खरं काम त्यानंतरचं. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी. एका अक्षरापायी पोर्टल अर्ज परत पाठवतं. पुण्यातल्या कचरावेचकांत १९७२च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. जन्माचा दाखला कुठून आणणार? शाळेत गेलेल्यांची तारीख १ जून, कारण गुरुजींनी तशी लावली. न गेलेल्यांची बहुतेक वेळा १ जानेवारी. आमचं सॉफ्टवेअर नववर्षाच्या सकाळी निम्म्या शेडला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतं. एकदा वरच्या मंडळींनी हौसेने केक मागवला, तर एक मावशी म्हणाल्या, “त्यापरीस भजी तरी करायची.”

यात हसण्यासारखं एवढंच. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं सेवा लागते आणि वयाच्या ५८ला तिची वर्गणी थांबते. नाव नोंदवणाऱ्याने अंदाजाने वय चार-पाच वर्षं जास्त लिहिलं असेल, तर पंचेचाळिशीच्या आसपास पहिल्यांदा पगारपत्रकावर आलेल्या बाईची ती १० वर्षं भरतच नाहीत. म्हणून आमच्याकडे नवी बाई रुजू झाली की पहिल्या आठवड्यात तिच्यासोबत आधार केंद्रावर कुणीतरी जातं. त्या दिवसाची हजेरी भरपगारी. आमच्या वार्षिक अहवालात झाडांचे, टनांचे, कार्बनचे आकडे असतात. दुरुस्त झालेल्या जन्मतारखांचाही असावा, असा माझा आग्रह आहे. अजून कुणी मनावर घेतलेला नाही.

३. शेडला ‘सक्षम’ करायला जाऊ नये.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ पासून आहे. स्टार्टअप हा शब्द आमच्या संस्थापकांच्या कानावर पडण्याआधीपासून या बायका ओळखपत्रासाठी, हक्कासाठी मोर्चे काढत आल्या आहेत. आमच्या पहिल्या ‘टाउनहॉल’मध्ये वरचे सगळे गप्प बसले आणि खालून पहिला प्रश्न आला तो ओव्हरटाइमच्या दराचा.

४. हातमोजे खरेदी विभागाने एकट्याने निवडू नयेत.

जाड, महागडे, प्रमाणित हातमोजे आले आणि दुपारपर्यंत बेल्टच्या कडेला पडले. शिस्त नाही म्हणून मेमो काढायचं घाटत होतं. शेडच्या मुकादमबाईंनी दोन पिशव्या माझ्या हातात दिल्या. दिसायला सारख्याच. एक चुरगळली की कडकड वाजते, दुसरी मऊच राहते. दोन्हींचं प्लास्टिक वेगळं, भावही वेगळे. हा फरक बोटांना आणि कानांना कळतो, जाड मोज्यातून कळत नाही. आता तळव्याला लेप असलेले पातळ मोजे येतात, नमुना आधी बेल्टवर जातो आणि मगच ऑर्डर. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ-बीच्या तीन मात्रा हे ठरलेलंच. तिसरी मात्रा सहा महिन्यांनी असते आणि तीच राहून जाते, म्हणून ती पगाराच्या तारखेला बांधली आहे.

५. उमेदवाराला बेल्टवर न्यावं.

नाक मुरडणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. वास सगळ्यांनाच येतो. फोटो काढत सुटणाऱ्याबद्दल थोडी आहे. “यातलं कशाचंच काही होत नाही असं किती उरतं, आणि ते जातं कुठे?” असं विचारणारा उमेदवार मला हवा असतो. वेफर्सच्या बहुथरी पाकिटांपैकी बरीचशी सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, हे उत्तर ऐकून ज्याचा चेहरा पडतो आणि तरी जो पुढचा प्रश्न विचारतो, त्याला घ्यावं.

६. सुट्टी सक्तीची करावी. पृथ्वी वाचवणाऱ्यांना रजा मागायची लाज वाटते. संस्थापकांनी आधी घ्यावी आणि त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर दिसू नये.

७. लैंगिक छळविरोधी समिती १० माणसांपासून लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्यात शेडमधली एक बाई असावी आणि बैठक शिफ्टच्या वेळेत व्हावी, हे सुचत नाही.

८. जाणाऱ्याला गद्दार म्हणू नये.

सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांना आमच्यासारख्यांकडची तयार माणसं हवी असतात, आणि पगाराचा आकडा ऐकून आमचाही आवंढा अडकतो. अशा वेळी ‘मूल्यांशी तडजोड’ वगैरे भाषणं वरच्या मजल्यावर झाली. मी अनुभवपत्र आणि हिशेब वेळेत देते, भाषण देत नाही. गेलेल्यांतली एकजण पुढे परत आली. तिने मागितलेला पगार पाहून संस्थापकांनी कुरकुर केली, मी पहिल्या मुद्द्यातलंच पुन्हा ऐकवलं, आणि ऑफर लेटर त्याच संध्याकाळी गेलं. तिच्या पाठोपाठ बेल्टवरच्या बायकांच्या पगारवाढीची फाइल ठेवली आहे. तिच्यावर सही बाकी आहे.