वाचकांचे प्रश्न : हप्ता चुकलेला नाही, तरी घर धोक्यात असू शकते

प्रश्न : कामतघरला राहतो. माझे सोळा यंत्रमाग आहेत. निम्मे मजुरीवर चालतात, निम्म्यांवर स्वतःचे सूत घेऊन ग्रे कापड विकतो. गृहकर्ज १८ लाख बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, १२ वर्षे राहिली, हप्ता १९,९८० रुपये. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. त्याच राष्ट्रीयीकृत बँकेत धंद्याची १२ लाखांची सी.सी. (कॅश क्रेडिट) आहे, ती कायम पूर्ण उचललेली असते. शिवाय ओळखीतून शेकडा दोनने ३ लाख घेतले आहेत. व्यापाऱ्यांकडे ५ लाख अडकले आहेत. वडिलोपार्जित जमीन गोदामासाठी विकली, माझ्या वाट्याला ८ लाख आले. ते गृहकर्जात भरू का? भरले तर हप्ता कमी करावा की मुदत? की म्युच्युअल फंडात टाकून त्यातून हप्ता भरावा, किंवा चार जुने रेपियर माग घ्यावेत? बँकेतले साहेब म्हणतात, सगळी कर्जे एकत्र करा, घरावर ३३ लाखांचे एकच कर्ज घ्या, १५ वर्षे, पावणेदहा टक्के. पत्नी म्हणते, आधी घर मोकळे करा. घर दोघांच्या नावावर आहे.
– एक यंत्रमागधारक, भिवंडी

उत्तर : तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण त्यामागची काळजी एकच आहे आणि ती तुमच्या पत्नीने बोलून दाखवली आहे : धंदा बसला तर घर राहील का? त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ८ लाख गृहकर्जात भरल्याने घर मोकळे होईल, हे बरोबर नाही. तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न पत्रात कुठेच नाही : आमचे घर नेमके कोणकोणत्या कर्जाला तारण आहे? सी.सी.ला काय तारण दिले, याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. साध्या मागांना बँक भंगाराच्या भावापलीकडे फारशी किंमत देत नाही आणि गोडाऊनमधले सूत व ग्रे रोज कमीजास्त होतात. तेव्हा १२ लाखांची मर्यादा देताना बँकेने घरही लिहून घेतले असण्याची शक्यता मोठी आहे. आज संध्याकाळी सी.सी.चे मंजुरीपत्र काढा आणि त्यातला ‘तारण’ हा रकाना दोघांनी मिळून वाचा. पत्र सापडत नसेल तर बँकेकडे लेखी प्रत मागा. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदींत तुमच्या घरावर गहाणाची कोणती सूचनापत्रे दाखल आहेत तेही पाहता येते, आणि सरसाई या केंद्रीय नोंदणीत किरकोळ शुल्क भरून शोध घेता येतो. हे कळेपर्यंत या ८ लाखांतला एक रुपयाही कुठे भरू नका.

आधी गृहकर्ज फेडण्याच्या बाजूचा हिशेब मांडतो, कारण तो खरोखर मोहात पाडणारा आहे. ८ लाख भरून हप्ता तोच ठेवला तर १२ वर्षांचे कर्ज सव्वापाच वर्षांच्या आत संपते आणि सुमारे ८ लाख ४० हजारांचे व्याज वाचते. दर बदलता असलेल्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंडही नाही. ठरलेला पगार असलेल्या माणसाला मी हेच सांगितले असते. पण हा हिशेब एक गोष्ट धरून चालतो : पुढची पाच वर्षे दरमहा वीस हजार विनाखंड येत राहतील. भिवंडीच्या मागांनी नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी पाहिली, आठ महिन्यांनी जुलै २०१७ ला जीएसटी पाहिला आणि मार्च २०२० मध्ये कारीगर गावी निघून गेल्यावर बंद पडलेले कारखानेही पाहिले. अशा महिन्यांत टोरंटचे वीजबिल थांबत नाही, घरखर्च थांबत नाही. गृहकर्जात भरलेले पैसे तेव्हा परत मागता येत नाहीत. मागायला गेलात तर बँक ते नवे कर्ज म्हणून देते, नव्या दराने, आणि बहुधा घरावरच.

आता ज्या एका गोष्टीने माणसे बुडतात तिच्याकडे येतो. तुमचा समज असा दिसतो की घराचा हप्ता वेळेवर जातो म्हणजे घर सुरक्षित आहे आणि सी.सी.ची भानगड धंद्यापुरती आहे. बँकेच्या दृष्टीने अशी वेगळी खाती नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज थकीत ठरवताना खाते न पाहता कर्जदार पाहतात. धंदा तुमच्या एकट्याच्या मालकीचा असेल तर कर्जदार तुम्हीच. सी.सी. सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिली, किंवा तीत ९० दिवस लागलेल्या व्याजाइतकीही रक्कम जमा झाली नाही, की ते खाते अनुत्पादक होते आणि त्याच बँकेतले तुमचे गृहकर्जही त्याच्याबरोबर अनुत्पादक होते, भले त्याचा प्रत्येक हप्ता तारखेला गेलेला असो. पुन्हा नियमित व्हायचे तर सगळ्या खात्यांची सगळी थकबाकी भरावी लागते. तुमची सी.सी. कायम काठोकाठ असते, म्हणजे व्यापाऱ्याचे एक मोठे पेमेंट तीन महिने लांबले आणि वर व्याज लागत गेले की तुम्ही त्या रेषेवर उभे आहात. यात हप्ता चुकवण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यानंतरचा रस्ता सरफेसी कायदा, २००२ ने आखून दिला आहे आणि तो आखूड आहे. कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांत सगळी रक्कम भरा अशी. तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. मग दारावर प्रतीकात्मक ताब्याचा कागद लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा घेतला जातो. दिवाणी न्यायालयात यावर दाद मागता येत नाही. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जावे लागते. पूर्वी लोक लिलावाच्या आदल्या दिवशी नातेवाइकांकडून पैसे गोळा करून घर सोडवत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच तो हक्क उरतो, आणि सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या सप्टेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसेच बजावले. मोजून पाहा : धंद्यातले एक वाईट वर्ष एवढा वेळ घर हातातून जायला पुरतो.

कोणी तुम्हाला सांगेल की देणे मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांखाली आले की सरफेसी लागत नाही, म्हणून गृहकर्ज तिथवर फेडून टाका. ती तरतूद कायद्यात आहे. पण घर सी.सी.लाही तारण असेल तर ते १२ लाख पूर्ण उभेच आहेत आणि त्यांच्यासाठी घरावर येता येते. गृहकर्जाचा शेवटचा रुपया भरला तरी अशा घराचे मूळ कागद बँक देणार नाही. एरवी सगळी फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. पण दुसऱ्या कर्जाला तारण असलेल्या घराला तो उपयोगी नाही. २०२० मध्ये सरकारी हमीचे आपत्कालीन कर्ज आले तेव्हा ‘नवे तारण नाही’ हे सर्वांनी ऐकले. जुन्या तारणावर त्याचा दुसरा बोजा चढत होता, हे थोड्यांनी वाचले. धंद्याच्या खात्यात एकदा अडकवलेले घर पुढच्या प्रत्येक कर्जाबरोबर आणखी आत ओढले जाते.

म्हणून बँकेच्या साहेबांची ३३ लाखांची सूचना मला सगळ्यात घातक वाटते. आकडे बघा. आज तुमचे घराचे १९,९८०, सी.सी.चे व्याज साडेदहा टक्क्यांनी धरले तर १०,५०० आणि खासगी उसनवारीचे ६,०००, मिळून महिन्याला साधारण ३६,५०० जातात. नव्या कर्जाचा हप्ता सुमारे ३५,००० येईल. वाचले किती, तर दीड हजार. त्या बदल्यात आज फार तर घरावर संशयास्पद असलेला धंद्याचा बोजा निश्चित होतो, १८ लाखांच्या जागी ३३ लाख घरावर बसतात, १२ वर्षांची १५ होतात आणि शेकडा दोनवाल्याचे विनातारण देणेही घरावर चढते. आणि सी.सी. बंद झाल्यावर पुढच्या सुताचे पैसे कुठून आणणार? सहा महिन्यांत नवी सी.सी. मागाल आणि तीही याच घरावर मिळेल. ‘हप्ता एकच’ ही सोय बँकेची आहे. यावर सही करू नका आणि पत्नीलाही करू देऊ नका. त्या सहमालक आहेत, त्यांच्या सहीशिवाय त्यांचा हिस्सा गहाण पडत नाही. जामीनदार म्हणून सही केली तर करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच होते, म्हणजे त्यांच्या ठेवींवरही वसुली येऊ शकते.

म्युच्युअल फंडातून हप्ता काढणे : नाही. जुने रेपियर : व्यापाऱ्यांकडे ५ लाख अडकलेले असताना उत्पादन वाढवणे म्हणजे उधारी वाढवणे, तेव्हा तेही नाही.

मग ८ लाखांचे काय करायचे? पहिल्यांदा सी.ए.ला विचारा की त्यावर कर भरायचा आहे का. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७ लाखांवर होती, त्यामुळे पालिका हद्दीपासून हवाई अंतराने ६ किलोमीटरच्या आतली शेतजमीनही भांडवली नफ्याच्या करात येते. कर निघाला तर तो बाजूला काढून उरलेल्यात पुढचे बसवा. शेकडा दोनचे ३ लाख आधी फेडा. ते वर्षाला ७२,००० खातात. तेवढ्याच रकमेवर गृहकर्ज २५,५०० घेते. पैसे बँकेतून द्या, दिलेले कोरे चेक आणि स्टॅम्पपेपर त्याच बैठकीत परत घ्या आणि हिशेब मिटल्याची पोच लिहून घ्या. दुसरे ३ लाख ठेवीत ठेवा, पण वेगळ्या बँकेत, कारण कर्ज असलेल्या बँकेला तुमची ठेव थकबाकीपोटी अडवता येते. ठेवीवर साडेसहा टक्के मिळतील आणि कर्जावर साडेआठ जातात, हा तोटा नाही का, असे तुम्ही म्हणाल. आहे, वर्षाला सहा हजारांच्या आसपास, करानंतर थोडा जास्त. मंदीत पुन्हा शेकडा दोनच्या दारात गेलात तर तेवढे एका महिन्यात जातील.

उरलेले २ लाख सी.सी.त भरा आणि १२ लाखांची मर्यादा विनातारण करून मिळावी असा अर्ज द्या. हे कशाच्या आधारावर, ते सांगतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना २० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी व्यापारी बँकांनी तारण घ्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे; एप्रिल २०२६ च्या आधी मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ही मर्यादा १० लाख होती. अशा कर्जाला सीजीटीएमएसई या संस्थेची हमी मिळते, तिचे वार्षिक शुल्क तुमच्यावर पडेल. ते द्या, घराच्या मानाने ते फार थोडे आहे. उद्यम नोंदणी नसेल तर आधी करा, ती विनाशुल्क होते. शाखेत तोंडी ‘होत नाही’ म्हणतील. तुम्ही लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तरही लेखी मागा. नकार आला तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे आणि ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. भरलेले दोन लाख पुन्हा न उचलता सूत कसे घेणार, ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर तुमच्या अडकलेल्या ५ लाखांत आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, आणि २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून वेळेत न दिलेली रक्कम व्यापाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रार केली तर मजुरीवर विणायला येणारे ताण्याचे बीम बंद होतील, ही तुमची भीती मला समजते. तक्रार करू नका, पण प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीत व्यापाऱ्याच्या लेखापालाला थकीत बिलांची यादी पाठवा. मार्चअखेर कर वाचवायला तोच घाई करेल.

घर सी.सी.तून सुटल्याचे पत्र हातात आल्यावरच गृहकर्जात जादा भरायला लागा, आणि तेव्हा सगळे सांगतात त्याच्या उलट करा : हप्ता कमी करून घ्या, मुदत तशीच ठेवा. आजची १२ वर्षांची मुदत धरली तर कर्ज १० लाखांवर आले की हप्ता ११,१०० होईल. बरकतीच्या महिन्यात वीस हजार भरलेत तर व्याज तेवढेच वाचते, आणि मागे बंद असलेल्या महिन्यात सक्ती अकरा हजारांचीच राहते. जाता जाता हेही तपासा की तुमचे गृहकर्ज रेपो दराशी जोडलेले आहे का. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. जुन्या पद्धतीच्या दरावर असाल तर बदलून मागा, पाऊण टक्का उतरला तरी पहिल्या वर्षी १३,००० च्या पुढे वाचतात. घरखर्चासाठी सी.सी.तून अधूनमधून उचल करत असाल तर ते थांबवा. धंद्यातून दरमहा ठरावीक रक्कम घरच्या खात्यात द्या आणि हप्ता तिथूनच जाऊ द्या.

सी.सी.च्या नूतनीकरणाची तारीख तुम्ही कळवलेली नाही. त्या वेळी बँक पुन्हा दोघांच्या सह्या घेते आणि तारण तेच कायम ठेवल्याचा कागद त्या गठ्ठ्यात असतो. तारण सोडवण्याचा अर्ज त्याच्या किमान दोन महिने आधी शाखेत पोचला पाहिजे. नूतनीकरण तोंडावर आले असेल तर सही करण्याआधी ते सगळे कागद एका वकिलाला वाचायला द्या. बँकेच्या यादीतला वकील नको, तुम्ही स्वतः फी देऊन नेमलेला हवा.