संघाच्या कॉम्प्युटरला ॲल्युमिनियमचं कॅबिनेट, आपल्या हातानं आणि हिशोबात

मैत्रिणींनो, या वेळचा पाठ कॉम्प्युटर चालवण्याचा नाही. तो ज्या डब्यात बसतो, त्या डब्याचा आहे. आपण त्याला कॅबिनेट म्हणतो. गटांचे हिशोब, बँकेची पत्रं, हप्त्यांच्या याद्या, हे सगळं हल्ली संघाच्या कॉम्प्युटरवर असतं. सटाण्याच्या एप्रिल-मेच्या दुपारी तो आपोआप बंद पडायला लागतो, आणि नेमकी ऑडिटची तारीख जवळ आलेली असते. दुकानदार म्हणतो, "ताई, जुना झाला, नवीनच घ्या." नवीन कॉम्प्युटर म्हणजे दोघी-तिघींच्या अंतर्गत कर्जाएवढी रक्कम. म्हणून मान डोलावण्याआधी थोडं बघून घेऊ.

पहिलं काम फुकटातलं आहे. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटची बाजू उघडा. आपल्याकडे कांद्याचा पाला, बाजरी-मक्याचं भूस आणि रस्त्याची माती हवेतच असते. ती आत पंख्यांवर गोधडीसारखी बसलेली दिसेल. मऊ ब्रशनं ती काढा. प्रोसेसरच्या पंख्याखाली लावलेलं मलम काही वर्षांनी वाळून खडूसारखं होतं, ते दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. एवढ्यानं कॉम्प्युटर नीट चालला तर डबा बदलायची गरज नाही. पण पत्रा गंजलाय, पाय मोडलेत, बाजू बसत नाही, फटीतून पाली-झुरळं आत जातात, आतला माल मात्र चांगला आहे, अशी स्थिती असेल तर पुढचं वाचा.

कापायला हात लावण्याआधी दोन गोष्टी. सगळा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या ताईंच्या घरी ठेवा. आणि जुनं कॅबिनेट डेडस्टॉक रजिस्टरला लागलेलं असतं, तेव्हा बैठकीत ठराव करूनच ते मोडा. "कोणाला विचारून तोडलं?" हा प्रश्न नंतर फार त्रास देतो.

ॲल्युमिनियम का आणि किती

आपल्या आज्या ज्याला "जर्मनचं पातेलं" म्हणायच्या, तोच हा धातू. लोखंडासारखा गंजत नाही, हाताच्या करवतीनं कापता येतो, कानशीनं घासला की लगेच आकार घेतो. वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. खरा की खोटा ते चुंबकानं कळतं, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ॲल्युमिनियममधून उष्णता साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगानं वाहते हे खरं, पण म्हणून डबा ॲल्युमिनियमचा केला की कॉम्प्युटर थंड, असं होत नाही. मदरबोर्ड पत्र्याला चिकटलेला नसतो, मध्ये हवा असते. थंडावा येतो तो हवा खेळवल्यानं. ॲल्युमिनियम घ्यायचं ते आपल्याला हवी तिथे, हवी तेवढी भोकं सहज पाडता यावीत म्हणून.

आता हिशोब. मायक्रो एटीएक्स म्हणतात तो लहान मदरबोर्ड २४४ मिमी लांब आणि तेवढाच रुंद असतो. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच. या दोन्हींना धरून ३६ सेंमी उंच, १८ सेंमी रुंद आणि ४० सेंमी खोल असं कॅबिनेट पुरतं. सहा बाजू आणि बोर्ड बसवायची एक पाटी मिळून पत्रा लागतो साधारण ०.६४ चौरस मीटर. दीड मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ४ किलोच्या थोडा वर भरतो. म्हणजे पत्रा २.६ किलो. बारा कडांना २० मिमीचा, २ मिमी जाडीचा अँगल लावायचा, तो पावणेचार मीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास. तुटफूट धरून ३.७ किलो माल.

समजा किलोचा भाव ४०० रुपये. हा भाव फक्त गणितासाठी धरलाय, तुम्ही दुकानातला खरा भाव लिहा. ३.७ गुणिले ४०० म्हणजे १,४८० रुपये, शिवाय स्क्रू, रिव्हेट, जाळी वेगळी. बाजारात साधं कॅबिनेट यापेक्षा कमी पैशात मिळत असेल तर तेच घ्या, हट्ट नको. नवा माल घेऊन घरी कॅबिनेट करणं ही हौस झाली. बचत होते ती उरलेल्या तुकड्यांतून. स्लायडिंग खिडक्या आणि पार्टिशन करणाऱ्यांकडे हात-दीड हात लांबीचे अँगल आणि पत्र्याचे तुकडे पडलेले असतात, ते मोडीच्या भावानं मागा. आपला सगळ्यात मोठा तुकडा ४० बाय ३६ सेंमीचा आहे, त्यामुळे असे तुकडे चालतात. ऑफसेट प्रेसमधल्या जुन्या प्लेटाही ॲल्युमिनियमच्याच, पण त्या कागदासारख्या पातळ. फटी बुजवायला ठीक, भार पेलायला नाहीत. दुकानांच्या पाट्यांना लावतात तो चकचकीत एसीपी शीट मात्र घेऊ नका. त्यात दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिक असतं. ते एका बाजूची वीज दुसरीकडे जाऊ देत नाही, आणि गरम वस्तूभोवती प्लास्टिक नकोच.

जुन्या कॅबिनेटचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे त्याची पाठ. कीबोर्ड, मॉनिटरच्या वायरी जिथे लागतात ती खिडकी सव्वासहा इंच बाय पावणेदोन इंचाची असते, शेजारी कार्डांच्या खाचा असतात. हे हातानं कापणं सगळ्यात जिकिरीचं. पाठ गंजलेली नसेल तर ती अख्खी काढून नव्या सांगाड्याला लावा, आणि मग उंची-रुंदी त्या पाठीच्या मापानं घ्या. पितळी खुंट्या, स्क्रू, चालू करायचं बटण, दिव्याच्या वायरी, सगळं जपून डबीत ठेवा.

बेतणं आणि कापणं

ज्या ताई ब्लाउज शिवतात त्यांना हे आमच्यापेक्षा चांगलं जमेल. कापड कापण्याआधी आपण कागदावर बेततो, तसंच. पुठ्ठ्यावर मदरबोर्ड अलगद ठेवा आणि त्याच्या भोकांतून पेन्सिलीनं खुणा करा. टेपनं मोजून भोकं पाडलीत तर एक तरी चुकतं. पूर्ण डबा आधी पुठ्ठ्याचा करा, आत सगळं बसतं का, वायरी पोचतात का ते बघा. पुठ्ठा वाया गेला तरी चालेल.

सरळ काप दुकानातच मशीनवर मारून घ्या, थोडे पैसे जातील पण कडा काटकोनात येतील. घरी राहतात ती भोकं. खूण केली की पंच आणि हातोडीनं खड्डा पाडा, नाहीतर ड्रिल घसरतं. ड्रिलच्या टोकाला थेंबभर रॉकेल किंवा तेल लावलं तर ॲल्युमिनियम चिकटत नाही. कानशीच्या दातांत भुकटी अडकते, म्हणून आधी कानशीवर शाळेचा खडू घासा. पंख्याचं मोठं गोल भोक पाडायला वर्तुळावर लहान लहान भोकं ओळीनं पाडा, मधला भाग काढा आणि अर्धगोल कानशीनं साफ करा. १२० मिमीच्या पंख्याचे स्क्रू एकमेकांपासून १०५ मिमीवर येतात.

पदर खोचा, केस बांधा, बांगड्या मागे सारा नाहीतर काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा हवाच. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका, फिरणाऱ्या टोकात कापड गुंततं. पत्रा उचलताना मात्र घाला, कापलेली कड सुरीसारखी असते. प्रत्येक कड कानशीनं मारून मगच पुढे जा. पोरांना लांब ठेवा.

सगळी भोकं, सगळी घासाघीस पूर्ण झाल्यावर सांगाडा ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून मगच मदरबोर्ड आत आणायचा. ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस बोर्डावर पडला तरी शॉर्ट होऊ शकतं. बोर्ड पत्र्याला टेकता कामा नये, पितळी खुंट्यांवर उचललेला हवा. खुंट्या फक्त बोर्डाच्या भोकांखालीच. एखादी जास्तीची खुंटी चुकीच्या जागी राहिली तर तीच बोर्ड जाळते.

अर्थिंग: इथे काटकसर नाही

जुन्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी अनुभवलं असेल. कॉम्प्युटरचा तो स्वभाव नव्हे. एसएमपीएसमधून थोडी वीज त्याच्या पत्र्यावर येतच असते आणि तिनं तीन पिनांच्या प्लगमधल्या मोठ्या पिनेतून जमिनीत जायचं असतं. बोर्डाला अर्थिंग नसेल, किंवा मोठी पिन मोडून दोन पिनांवर काम चालवलं असेल, तर ती वाट आपल्या अंगातून शोधते. आत काही बिघडलं तर नुसत्या झिणझिण्यांवर भागत नाही.

ॲल्युमिनियममध्ये एक खोच आहे. त्याच्या अंगावर हवेनं आपोआप एक पातळ थर येतो, तो वीज अडवतो. खिडक्यांच्या सेक्शनवर तर कारखान्यातच जाड थर किंवा रंग दिलेला असतो. म्हणून नुसतं रिव्हेट मारून सगळे पत्रे एकमेकांना जोडले गेले असं समजू नका. एसएमपीएसचे चार स्क्रू जिथे बसतात तिथे आणि प्रत्येक पत्रा अँगलला जिथे टेकतो तिथे एकेक जागा कानशीनं चमकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून स्क्रू आवळा. मग वायर भिंतीतून काढलेली असताना मल्टीमीटरचं एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरं प्रत्येक पत्र्याला लावा. सगळीकडे "बीप" वाजलं पाहिजे. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासा. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

हवेची वाट सोपी आहे. समोरून खालून थंड हवा आत, मागून वरून गरम हवा बाहेर. समोरच्या पंख्याला खिडकीची मच्छरजाळी लावा, ती स्क्रूनं काढता-घालता यावी. बाकीच्या फटी बंद करा, म्हणजे हवा जाळीतूनच येईल आणि धूळ बाहेर राहील. कॅबिनेट फरशीवर ठेवू नका, झाडूनं उडालेली सगळी धूळ तिथेच जाते. हातभर उंच स्टुलावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना बाजू उघडी ठेवा आणि दोन्ही पंखे फिरतात का बघा. कॉम्प्युटर सुरू होताना येणाऱ्या बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते पाहून कागदावर लिहा, मग बाजू लावून भर दुपारी तासभर काम करा, पुन्हा सुरू करून लगेच पाहा. दोन्ही आकड्यांत थोडा फरक राहील. तापमान ९० अंशांकडे चाललं तर पंख्याची दिशा उलटी लागलीय का ते आधी तपासा. पंख्याच्या बाजूवर बहुधा बाण असतो, तो हवा कुठे जाते ते दाखवतो. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, कांदा निघायच्या दिवसांत दर आठवड्याला, आणि धुणाऱ्या ताईनं तारीख कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहायची.