आरसा : त्याचें कार्य आणि त्याची मांडणी

पुस्तक नाहीं असें घर सांपडेल, परंतु आरसा नाहीं असें घर सांपडणें कठीण. इतकी परिचयाची वस्तु असूनही ती कोठें टांगावी, किती वळवावी आणि बिघडल्यास कशी बदलावी याचा विचार फारच थोडे लोक करितात.

प्रथम मूळ नियम पाहूं. प्रकाशाचा किरण आरशावर ज्या कोनानें येऊन पडतो, त्याच कोनानें तो परत फिरतो. हा किरण वाटेंत वळला आहे हें आपणांस जाणवत नाहीं. तो सरळच आला असें आपण धरून चालतों, आणि म्हणून वस्तु आरशाच्या अलीकडे जितकी दूर असेल तितकीच ती पलीकडे दिसते. आरसा उजव्याचें डावें करितो ही समजूत मात्र बरोबर नाहीं. उत्तरेकडे तोंड करून आरशासमोर उभे राहा व पूर्वेकडील हात वर करा; प्रतिमेचाही पूर्वेकडीलच हात वर होईल. उलटते ती केवळ पुढची व मागची दिशा : तुमचें तोंड उत्तरेस, तर तिचें दक्षिणेस.

आतां एक घरगुती गणित. आपलें सर्व शरीर दिसण्यास आरसा आपल्या उंचीच्या निम्मा असला म्हणजे पुरे. मागें सरकल्यानें अधिक दिसूं लागेल ही आशा व्यर्थ आहे. त्याची वरची कड डोळे व माथा यांच्या मधोमध आणि खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर असावी. वडिलांची उंची 170 सेंटिमीटर व डोळे 160 वर असतील, तर वरची कड 165 वर हवी. धाकट्या मुलीचे डोळे 110 वर असतील, तर खालची कड 55 वर हवी. म्हणजे 110 सेंटिमीटर लांबीचा एकच आरसा सर्व कुटुंबास पुरतो. दुकानदार सांगेल तो आरसा घेण्यापेक्षां घरीं दोरी घेऊन मापें घ्यावीं हें बरें.

घरच्या आरशांत प्रकाश परतविण्याचें मुख्य काम कांच करीत नाहीं; तें मागील धातूचा पातळ थर करितो. पूर्वीं कथील व पारा यांचा लेप देत असत, आणि पाऱ्याची वाफ कारागिरांस फार बाधे. 1835 सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फॉन लीबिग यानें कांचेवर चांदीचा थर बसविण्याची रासायनिक रीति दाखविली. या थराचें रक्षण त्यावरील रंग करितो. रंगाच्या कडेनें ओल आंत शिरली कीं काळे डाग पडूं लागतात. ते पुसून जात नाहींत. यासाठीं पाणी आरशावर न शिंपडतां फडक्यावर घेऊन पुसावें, आणि आरसा व ओलसर भिंत यांमध्यें हवा खेळण्यास थोडी फट ठेवावी.

आरसा बदलतांना त्याच्या वजनाकडे लक्ष द्यावें. पांच मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर कांचेचें वजन सुमारें साडेबारा किलो भरतें. वर सांगितलेला आरसा 45 सेंटिमीटर रुंद घेतला तर तो सव्वासहा किलोच्या घरांत जाईल. हा भार गिलाव्यांत ठोकलेल्या एका खिळ्यावर सोंपविणें म्हणजे मुलांच्या डोक्यावर संकट टांगणें होय. खालून पक्का आधार द्यावा, आणि वरच्या पकडी कांच तडकेल इतक्या आवळूं नयेत.

रस्त्यावरील आरशाची गोष्ट याहून गंभीर आहे. आरसा एक अंश वळविला कीं परत फिरणारा किरण दोन अंश वळतो. अर्थात् दुचाकीचा आरसा खडबडीत रस्त्यानें एकच अंश ढळला, तरी तीस मीटर मागील दृश्य सुमारें एक मीटर बाजूस सरकतें. म्हणून आधीं आपल्या नेहमींच्या रीतीनें बसावें आणि मग आरसा लावावा. त्यांत आपलें कोपर किंवा खांदा कडेस थोडासाच दिसावा, बाकी सारा मागील रस्ता दिसावा. दांडा ढिला असेल तर पान्यानें नट सैल करून तो वळवावा व पुन्हां घट्ट करावा. कांहीं दुचाकींच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. बळ लावण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें. शोभेसाठीं आरसे काढून फिरणाऱ्या तरुणांस काय म्हणावें? पाठीमागून येणारा ट्रक त्यांची ऐट पाहून थांबत नाहीं.

मोटारीच्या आंतील आरशांत मागील कांच संपूर्ण दिसावी. बाहेरच्यांत आपल्या गाडीची केवळ एक चिंचोळी पट्टी दिसावी. तरीही गाडीच्या बाजूचा कांहीं भाग आणि अगदीं मागील बाजूची जमीन आरशांत येत नाहीं. तेथें खेळत बसलेलें मूल चालकास दिसणार नाहीं. पालकांनीं अंगणांतून गाडी मागें घेण्यापूर्वीं एकदां उतरून मागें पाहून यावें.

वाहनांचे बाहेरचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत प्रतिमा लहान दिसते, पण दृश्याचा विस्तार वाढतो; म्हणूनच मागील वाहन आहे त्याहून दूर भासतें. असा आरसा फुटला म्हणजे त्या मापाची साधी सपाट कांच कापून चिकटविण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचवितो. तो पत्करूं नये, कारण पूर्वीं दिसणारा बराच रस्ता त्यामुळें दृष्टीआड होतो. त्याच वाहनासाठीं बनविलेली कांच मागावी. जुन्या कांचेचा मोठा तुकडा शिल्लक असेल तर जाड कापडांत धरून तो नव्या कांचेशेजारीं ठेवावा आणि हातभर अंतरावरून दोहोंत आपला चेहरा पाहावा. दोन्हींकडे तो सारख्याच आकाराचा दिसला तर कांच घ्यावी. नवींत मोठा दिसला तर परत करावी.