मनी प्लांट : मोरेआ बेटापासून उडवत्तकेलेपर्यंत

बाटलीतल्या पाण्यावरही जगणारी मनी प्लांटची वेल आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. मात्र तिचे मूळ गाव सांगणारे विरळाच. प्रशांत महासागरात ताहितीशेजारी असलेले मोरेआ हे लहानसे बेट तिची जन्मभूमी होय. १८८० साली युरोपात तिला ‘पोथॉस ऑरियस’ हे नाव मिळाले, तेव्हा ती सॉलोमन बेटांवरची समजली गेली आणि ही चूक पुढे अनेक ग्रंथांत उतरली. ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे आजचे नाव १९६४ चे. आपल्या अळूची व सुरणाची ती भाऊबंद. घशाला खवखव आणणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक तिच्याही पानांत असतात. म्हणून पान लहान मुलांच्या वा मांजरांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

या वेलीला फुले जवळजवळ येतच नाहीत. फुलण्यास आवश्यक असलेले जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले; बाहेरून फवारताच ती फुलली. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून पक्षी तिला दूर नेऊ शकत नाहीत. तरीही ती उष्ण कटिबंधभर पोहोचली, ती माणसाच्या हाताने. पेर असलेला एक तुकडा पुरतो. चोरून आणलेली मनी प्लांटच भरभराट आणते, ही खुळी समजूत सुशिक्षितही बाळगतात. पैसा कोणाला मिळाला ठाऊक नाही. वेल मात्र घरोघर गेली!

कुंडीत तिचे पान तळहाताएवढे राहते. वृक्षाचे खोड मिळाले, की तेच दोन-तीन फूट लांब व फाटलेल्या कडांचे होते आणि वेल साठ फुटांपर्यंत चढते. श्रीलंकेत कँडीच्या दंतधातू मंदिरामागे उडवत्तकेले हे राखीव वन आहे. एके काळी ते तेथील राजांचे होते. त्यातील २० हेक्टरांहून अधिक क्षेत्र या वेलीने व्यापले आहे. तेथे तिला नैसर्गिक शत्रू नाही. जमिनीवर तिचे दाट आच्छादन पसरते आणि त्याखाली स्थानिक वृक्षांच्या रोपांना उजेड मिळत नाही. उपटताना राहिलेला तुकडा पुन्हा रुजतो, त्यामुळे निर्मूलन अतिशय चिवट काम ठरते. फ्लोरिडा आणि हवाई येथेही तिची गणना उपद्रवी वनस्पतींत होते.

घरी वेल ठेवण्यास हरकत नाही. छाटलेले तुकडे मात्र ओढ्याकाठी किंवा झाडांच्या बुंध्याशी टाकू नयेत. कडक उन्हात फरशीवर पसरून ते पूर्ण वाळवावेत आणि मगच कचऱ्यात द्यावेत.