आधी विमा कंपनीला पत्र, मग इंजिनाला हात

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात जुन्या डिझेल गाड्यांना आजही गिऱ्हाईक आहे. घाटात ओढतात, ॲव्हरेज देतात, गावाकडच्या रस्त्यावर टिकतात. त्यातल्या काही गाड्यांच्या इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, कुणीतरी लॅपटॉप लावून बदललेला असतो. त्यालाच रिमॅप म्हणतात. बोनेट उघडून पाहिलं तर काहीच दिसत नाही. नवा पार्ट बसत नाही, आवाजही फारसा बदलत नाही. मग मालकाला वाटतं, न दिसणारी गोष्ट विमा कंपनीला सांगायची कशाला?

माझं उत्तर स्पष्ट आहे. सांगायलाच हवी, आणि तीही लॅपटॉप लावण्याआधी. गाडीचा एक दावा अडकल्यावर जे कागद हाताळावे लागले, त्यांनी मला हे शिकवलं.

मी सांगलीचा. एमएच-११ पासिंगची १.३ लिटरची डिझेल स्विफ्ट मी साताऱ्यात ओळखीतून विकत घेतली. आदल्या मालकाने यवतेश्वरच्या घाटात चालवून दाखवली. तिसऱ्या गिअरमध्येच गाडी वळणं चढून गेली. सर्व्हिसचे कागद व्यवस्थित होते, किंमत रास्त होती. आरसी आणि विमा माझ्या नावावर झाला. पुढे क्लचप्लेट अपेक्षेपेक्षा लवकर गेली. चढाला आरशात काळा धूर दिसायचा. मिस्त्री म्हणाले, ‘डिझेल गाडीचं वय झालं की एवढं चालायचंच, मालक.’

उसाच्या हंगामात एका रात्री मी पेठ नाक्यावरून सांगलीकडे येत होतो. आष्ट्याच्या पुढे उसाने भरलेली ट्रॉली निम्मी रस्त्यावर उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरच्या ट्रकच्या उजेडात ती दिसली तेव्हा ब्रेक लावून गाडी वळवण्याइतकाच अवधी मिळाला. डावा कोपरा धडकलाच. बंपर, बोनेट, रेडिएटर, एक हेडलाइट गेला. माणसं वाचली. पोलिसांनी पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला लागली आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला.

इथवर सगळं सरळ होतं. दुरुस्ती चालू असताना सर्व्हिस सेंटरने गाडीला स्कॅनर लावला आणि जॉब कार्डावर एक ओळ लिहिली: ‘ईसीयूमधील सॉफ्टवेअर कंपनीच्या मूळ आवृत्तीशी जुळत नाही.’ ती ओळ सर्व्हेअरच्या अहवालात गेली आणि विमा कंपनीचं पत्र आलं. त्यात तीन प्रश्न होते. वाहनात बदल केले आहेत का? केले असल्यास कंपनीला कळवले होते का? परिवहन विभागाची परवानगी आहे का? उत्तर येईपर्यंत दावा स्थगित.

मी आदल्या मालकाला फोन केला. त्याने मोकळेपणाने सांगितलं, ‘पुण्यात स्टेज वन रिमॅप करून घेतला होता. गाडीने कधी त्रास दिला नाही, म्हणून सांगायचं डोक्यातच आलं नाही.’ तेच त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. कंपनीला उत्तर पाठवताना तो मजकूर, खरेदीचे कागद आणि पंचनामा जोडला. धडक दिवा नसलेल्या ट्रॉलीमुळे झाली, इंजिनाच्या ताकदीशी तिचा संबंध नाही, हेही लिहिलं. कित्येक महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी मंजूर रकमेतून २५ टक्के कापून पैसे मिळाले. विम्याच्या भाषेत हा ‘नॉन-स्टँडर्ड’ निकाल. अटीचा भंग झाला, पण दावा सरसकट फेटाळण्याजोगा नाही, अशा वेळी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात तिचा आधार घेतला होता. पण तशी रक्कम मिळेलच असं धरून चालू नका. संपूर्ण नकार हातात पडला असता तर माझी लढाई आणखी लांबली असती.

रिमॅपमध्ये नेमकं काय होतं, हे समजलं की विमा कंपनी एवढी खोलात का शिरते तेही कळतं. डिझेल इंजिनात किती डिझेल फवारायचं, केव्हा फवारायचं आणि टर्बोने हवेचा दाब किती ठेवायचा, हे ईसीयूतले तक्ते ठरवतात. रिमॅप करणारा ते आकडे वाढवतो. मग ताकद वाढते, टॉर्क वाढतो आणि त्याबरोबर सिलिंडरमधला दाब व उष्णताही वाढते. तो भार क्लच, गिअरबॉक्स, टर्बो आणि पिस्टनवर येतो. ब्रेक आणि टायर मात्र जुन्याच ताकदीच्या हिशेबाचे राहतात.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘हेच इंजिन दुसऱ्या गाडीत ९० अश्वशक्तीचं येतं, कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलंय.’ माझ्या गाडीचं १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्टमध्ये साधारण ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तर अर्टिगा आणि सियाझमध्ये ते ९० अश्वशक्तीचं होतं, हे खरं. पण तिथे टर्बोच वेगळा आहे. स्विफ्टला स्थिर भूमितीचा टर्बो, तर ९०च्या आवृत्तीला पाती वळवून हवेचा झोत जुळवणारा व्हेरिएबल टर्बो. कंपनीने ताकद वाढवताना लोखंडही बदललं होतं. नुसता लॅपटॉप लावून ते होत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हाच अर्थ ठामपणे मांडला. नव्या आरसी कार्डावर अश्वशक्तीचाही रकाना असतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतं. म्हणून विमा कंपनीला कळवलं की रिमॅप कायदेशीर झाला, असा समज करून घेऊ नका. कळवल्याने फसवणुकीचा ठपका टळतो, बदलाला परवानगी मिळत नाही.

सीएनजी किटचं उदाहरण पाहा. इंधन बदलण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. मान्यताप्राप्त किट बसवायचं, आरसीवर नोंद करून घ्यायची आणि विमा कंपनीला कळवायचं. किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये, असा हप्ता जुन्या टॅरिफपासून चालत आला आहे. पॉलिसीवर आयएमटी-२५ ही नोंद होते. रिमॅपसाठी अशी तयार वाट नाही. म्हणूनच लोक गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातच खरा धोका आहे.

पॉलिसीचे कागद एकदा शांतपणे वाचा. यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई साध्या पॉलिसीत मुळातच नसते. रिमॅपमुळे टर्बो बसला तर तो खर्च तुमचाच. शर्यत आणि वेगचाचणीही वगळलेली असते. सगळ्यात मोठी जोखीम थर्ड पार्टीची. विमा कंपनीने न्यायाधिकरणात कोणत्या कारणांवर बचाव करायचा, याची मोजकी यादी मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये आहे. महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हे त्यातलंच एक कारण. आपल्या गाडीखाली कुणी सापडलं आणि तो बचाव टिकला, तर लाखोंची भरपाई मालकाच्या घरादारावर येऊ शकते. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो आणि रिमॅपने सीसी बदलत नाही, हे खरं. पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं करावं. सौदा ठरण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून ईसीयूचं सॉफ्टवेअर मूळ आहे का, ते लेखी मागावं. क्लच घसरणं, चढाला काळा धूर, गाडीच्या मानाने जास्त ओढ, या खुणा दिसल्या तर थेट विचारावं. विक्रीच्या करारात ‘इंजिन व ईसीयूमध्ये कोणताही बदल केलेला नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीने घ्यावं. कलम १५७ प्रमाणे विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. आदल्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

गाडी आधीच रिमॅप झालेली असेल तर मूळ फाइल परत टाकून घ्या. चांगला ट्यूनर ती जपून ठेवतो, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. बिलावर ‘मूळ सॉफ्टवेअर पुन्हा बसवले’ असं तारखेसह लिहून घ्या आणि त्याची प्रत विमा कंपनीला ई-मेल करा. मीही नूतनीकरणाआधी हेच केलं. घाटात आता गिअर लवकर टाकावा लागतो, पण गाडी रोजच्या कामाला पुरून उरते.

रिमॅप करायचाच विचार असेल, तर आधी कंपनीला लेखी विचारा. एजंटने फोनवर ‘काही होत नाही’ म्हटलं, त्याला दाव्याच्या वेळी किंमत नसते. होकार असेल तर तो पॉलिसीवर नोंद म्हणून उमटला पाहिजे. ऑनलाइन पॉलिसी काढताना प्रस्ताव अर्ज एजंटवर सोडू नका. बदलांविषयीचं उत्तर स्वतः वाचून भरा.

अपघात झाल्यावर मॅप पुसण्याच्या भानगडीत पडू नका. फ्लॅश केल्याच्या खुणा मागे राहू शकतात आणि पुरावा मिटवल्याचा संशय मूळ बदलापेक्षा जड जातो. सर्व्हेअरला खरं सांगा, अपघाताचं कारण काय ते कागदांनिशी दाखवा. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्यांच्याच कक्षेत येतात. शुल्क नाही, वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

घाटात हौसेने गाडी पळवणाऱ्या तरुण मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जास्त ताकद हवी असेल तर जास्त ताकदीचं इंजिन घेऊन ती ताकद आरसीवर आणि पॉलिसीवर उजळ माथ्याने मिरवा. आहे त्याच गाडीचा मॅप बदलायचा मोह होत असेल, तर ट्यूनरला फोन करण्याआधी विमा कंपनीला ई-मेल करा. उत्तर ‘नाही’ असं आलं, तर तो बेत तिथेच सोडून द्या.