एडिनबरामधला एक दिवस: चौघांचा खर्च किती?

दिवसभरात एकाच ठिकाणी तिकीट काढा: एडिनबरा किल्ला. आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं धरली तर साधारण 70 पौंड, म्हणजे आठ हजार रुपयांच्या आसपास. सात वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट किल्ल्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. दारात ते महाग पडतं आणि उन्हाळ्यात मिळेलच असं नाही. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. साडेदहाची घ्या, म्हणजे एक वाजता सुटणारी तोफ बघूनच बाहेर पडता येईल. रविवारी तोफ उडत नाही. ऑडिओ गाइडचे पैसे वेगळे; मुलं लहान असतील तर घेऊच नका.

पुढचं सगळं फुकट आहे. रॉयल माइल उतरत सेंट जाइल्स कॅथीड्रल (देणगी ऐच्छिक), म्युझियम ऑफ चाइल्डहूड, मग चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम. ते पाचला बंद होतं, म्हणून तीनच्या आत पोहोचा. पाऊस नसेल आणि पायांत बळ उरलं असेल तर 251 मीटर उंचीची आर्थर्स सीट टेकडी चढा. ‘फ्री वॉकिंग टूर’ मात्र नावापुरतीच फुकट. शेवटी टिप अपेक्षित असते.

जेवणावर खर्च नकळत वाढतो. दुपारी सुपरमार्केटमधलं ‘मील डील’ घ्या, माणशी चार-पाच पौंड. शाकाहारी सँडविच सहज मिळतं. हॉटेलात बसलात तर नळाचं पाणी मागा, ते फुकट असतं. बिलात ‘ऑप्शनल’ सर्व्हिस चार्ज दिसला तर काढून टाका म्हणायला संकोचू नका.

लोदियन बसमध्ये मोठ्यांनी आपापलं कार्ड टॅप करावं. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. मुलांसाठी टॅप करू नका, मोठ्यांचं भाडं कापलं जातं. रोख देणार असाल तर नेमकी रक्कम हातात ठेवा, सुटे परत मिळत नाहीत. ट्रामचं तिकीट चढण्यापूर्वीच काढा.

कार्ड मशीनने ‘पौंड की रुपये?’ विचारलं तर पौंडच निवडा. रुपयांत दर हमखास वाईट लागतो. ऑगस्टमध्ये महोत्सवांमुळे हॉटेलांचे भाव कडाडतात. शिवाय 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामावर पहिल्या पाच रात्रींसाठी 5 टक्के पर्यटक कर आहे. बुकिंग करतानाच तो भाड्यात धरला आहे का ते विचारा.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसाच इथे चालतो, वेगळा लागत नाही. स्कॉटिश बँकांच्या नोटा मात्र इथेच खर्चून टाका. भारतात त्या बदलून घेताना अडचण येते.