राणी दिसली नाही म्हणून

अगं, आधी ती सुरी खाली ठेव. राणीघरं कापायची एवढी काय घाई?

सातेरी मधमाश्यांची पेटी उघडली आणि राणी दिसली नाही की तुझ्या पोटात गोळा येतो, माहीत आहे मला. पण राणीला शोधतेसच कशाला? अंडी शोध. ऊन पाठीवर घे, चौकट जरा तिरपी धर, कोठीच्या तळाशी कणीहून बारीक पांढरं अंडं दिसेल. अंडं फक्त 3 दिवस अंडं असतं, पुढे अळी. म्हणजे अंडं दिसलं तर परवापर्यंत तरी बाईसाहेब घरात होत्या.

आता राणीघरं कुठे लोंबताहेत ते बघ. पोळ्याच्या खालच्या कडेला पाच-सहा असतील, तर घर फुटणार. म्हातारी राणी निम्मा गोतावळा घेऊन निघेल. तेव्हा दुसरी पेटी तयार ठेव. मधोमध एखाद-दुसरंच असेल, तर मात्र हात लावू नकोस. राणीचा वास ओसरला, अंडी कमी झाली की कामकरी माश्या गुपचूप नवी घडवतात. कधीकधी तर मायलेकी काही दिवस एकाच पोळ्यावर अंडी घालतात! आणि राणी अचानक मेलीच, तर कामकरणीच्याच कोवळ्या अळीची कोठी वाढवून तिला शेवटपर्यंत राजान्न भरवतात. त्यासाठी घरात कोवळी अळी हवी, एवढंच.

अंड्यापासून साधारण सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर येते. राणीघराच्या टोकावरचं मेण माश्यांनी कुरतडलेलं दिसलं की समज, दिवस भरले. पहिली निघालेली बहुधा बाकीच्यांना कोठीतच डंख मारून संपवते. तुला वाईट वाटेल, वाटू दे. मग ती नरांना भेटायला उडते. या दिवसांत पेटी हलवू नकोस, दुपारी उघडू नकोस; तिला परतायची खूण लागते. बाहेर तारेवर वेडा राघू टपलेला असतोच, त्याला आपला इलाज नाही.

दोन आठवडे दम धर. तरी अंडी नाहीत, तर राणी नसावी; आणि एकेका कोठीत दोन-तीन दिसली, तर कामकरणीच अंडी घालू लागल्यात. त्यातून नुसते नर निघतात, आणि सातेरीत हे फार लवकर होतं. तोवर थांबूच नकोस, शंका आली की फोन कर. माझ्या पेटीतली अंड्यांची चौकट देते. त्यावर राणीघरं बांधली, तर राणी नव्हतीच. येताना ओलं फडकं आण, आणि चौकट उन्हातून नेऊ नकोस.